लांब फोकसची बॅटरी घेताय? आधी आतला सेल बघा

पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत):

ताई जुळे सोलापुरात राहतात, नोकरी करतात. आई आणि आप्पा मोहोळ तालुक्यात, रानातल्या वस्तीवर. ऊस आहे, थोडं डाळिंब आहे. शेतीची लाईट काही दिवस रात्रीची असते, त्यामुळं ६७ वर्षांचे आप्पा रात्री अकरा-बाराला मोटार चालू करायला विहिरीवर जातात. गेल्या दिवाळीत घेऊन दिलेली झूमची (पुढचं भिंग सरकवून झोत लहान-मोठा करता येतो ती) चार्जिंगवाली बॅटरी आठ महिन्यांत मंद झाली, आता दहा मिनिटांत विझते. आप्पांना परत "लांब फोकसचीच" पाहिजे. ताईंनी ऑनलाईन बघितलं तर एक ६९९ रुपयांत मिळतेय, १०,००० लुमेन (एकूण उजेडाचं माप), २ किलोमीटर पल्ला, ९९०० एमएएच (सेलात किती चार्ज मावतो त्याचं माप), वर दोन सेल, चार्जर आणि प्लास्टिकची डबी. दुसरी एका नावाजलेल्या कंपनीची, अडीच हजाराला, आणि तिच्यावर लिहिलंय फक्त १००० लुमेन. भाऊ म्हणतो मोबाईलला टॉर्च आहे की, कशाला पैसे घालवतीस. बजेट हजार-बाराशे. ताई विचारतात, "स्वस्तातली जास्त पॉवरची घेऊ का महागातली कमी पॉवरची? का परत आठ महिन्यांनी हेच होणार असेल तर साधी सेलवालीच घेऊन देऊ?"

ताई, नमस्कार.

तुम्ही प्रश्न स्वस्त का महाग असा टाकलाय, पण त्याच्या आत एक गोष्ट तुम्ही न तपासता धरून चाललाय, ती म्हणजे खोक्यावर जेवढा आकडा छापलाय तेवढा उजेड खरंच पडतो. सगळी गडबड तिथंच आहे. १०,००० वाली "जास्त पॉवरची" नाहीच, त्यामुळं तुमच्यापुढं जे दोन पर्याय दिसतायत त्यातला एक मुळात अस्तित्वातच नाही असं समजा.

ह्या झूमच्या बॅटऱ्यांमध्ये बहुतेक वेळा जो सेल असतो त्याला १८६५० म्हणतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब म्हणून तो आकडा. लिथियम-आयनचा, ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. ह्या मापाच्या सेलात जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या कंपन्यांनी भरून भरून ३५०० ते ४००० एमएएचच्या आसपास बसवलंय. त्याच मापाच्या सेलावर ९९०० छापलेलं दिसलं की पुढचं वाचायचं कष्ट घेऊ नका, ते खोटं आहे, आणि ज्यानं ते छापलंय त्यानं बाकीचे आकडेही त्याच पेनानं लिहिलेत. घरात सोनं-चांदी मोजतात तसला छोटा वजनकाटा असेल किंवा किचनमधला डिजिटल असेल तर सेल त्यावर ठेवून बघा, खरा १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. खोटा बऱ्याचदा खूपच हलका लागतो, कारण आत माल कमी असतो. दुकानात "सेल काढून दाखवा, वजन करतो" म्हटलं की दुकानदार तोंडाकडं बघतो, बघू दे.

आता १०,००० लुमेनचा हिशोब करू. बऱ्या एलईडीला एका वॅटमागं साधारण १०० लुमेन धरा. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॅट पाहिजेत. ३००० एमएएचच्या खऱ्या सेलात सगळी मिळून ११ वॅट-अवर वीज असते, म्हणजे ११ वॅटनं ओढली तर तासभर पुरेल एवढी. १०० वॅटनं ओढली तर सहा-सात मिनिटांत सेल संपला, आणि त्या सहा मिनिटांत मुठीएवढी नळी हातात धरवणार नाही इतकी तापली. तेच १००० लुमेनला तासभर, आणि ३०० लुमेनला साडेतीन तास. रानात चालायला, विहिरीवर जायला ३०० पुरून उरतात ओ. म्हणजे त्या महागवाल्या कंपनीनं १००० लिहिलंय ते कमी नाही, ते खरं लिहिलंय एवढंच. आपण मात्र विहिरीत पाणी किती आहे ते न बघता पाईप किती इंची ते विचारत बसतो.

दोन किलोमीटरचंही तसंच. टॉर्चचा पल्ला मोजायची एक पद्धत ठरलेली आहे, एएनएसआय एफएल-वन नावाचं अमेरिकेतलं मानक, २००९ चं. त्यात पल्ला म्हणजे उजेड कमी होत होत ०.२५ लक्स (एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो तिथपर्यंतचं अंतर, आणि ०.२५ लक्स म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणजे खोक्यावर खरेखुरे २०० मीटर असतील तरी २०० मीटरवर उभा असलेला माणूस कोण ते ओळखू येत नाही, काहीतरी हाय तिथं एवढंच कळतं, नीट बघायचं तर त्याच्या निम्म्यावर या. शिवाय पल्ला दुप्पट करायचा तर झोताची तीव्रता चौपट लागते. ती कँडेलात मोजतात, २०० मीटरला १०,००० कँडेला लागतात आणि २ किलोमीटरला १० लाख. सातशे रुपयांत आणि एका सेलात ते बसत नाही. ज्या खोक्यावर लुमेनबरोबर कँडेला, मीटर आणि किती तास चालते हे तिन्ही लिहिलंय ते खोकं थोडं तरी विश्वासाचं, नुसता लुमेनचा भलामोठा आकडा आणि आगीचं चित्र असलं की सोडून द्या.

हे झालं आकड्यांचं. आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते, म्हणजे आप्पांना लांब फोकस नक्की कशाला पाहिजे हे तुम्ही त्यांना विचारलंय का? तुमच्या पत्रात ते कुठंच नाही. विचारून बघा, उत्तर बहुतेक दोनातलं एक येईल. एक म्हणजे बांधावर उभं राहून उसात रानडुक्कर शिरलंय का, पलीकडं काय हलतंय ते बघायचंय. ही खरी गरज आहे आणि त्याला लांब झोतच लागतो. दुसरं म्हणजे, "असू दे की, चांगली लांब पडती." ह्यात गरज कमी आणि हौस जास्त. हौसेला माझी ना नाही, पण मग त्या हौसेपायी काय सुटतंय ते त्यांना माहीत पाहिजे.

झूमच्या बॅटरीत पुढं एक फुगीर भिंग असतं आणि ते पुढं-मागं सरकतं. मागं ढकललं की उजेड रुंद आणि सगळीकडं सारखा पसरतो. पुढं ओढलं की भिंतीवर चौकोनी ठिपका पडतो, तो चौकोन म्हणजे आतल्या एलईडीच्या चिपचंच चित्र असतं. पुढं ओढल्यावर उजेड वाढला असं वाटतं पण खरं तर एकूण उजेड कमी झालेला असतो, कारण एलईडीतून बाजूला जाणारा बराच उजेड नळीच्या आतल्या भिंतीवर आपटून वाया जातो, फक्त राहिलेला एका जागी गोळा झालेला असतो. आणि त्या ठिपक्याच्या बाहेर पूर्ण अंधार. आप्पा ठिपका लांब विहिरीवर टाकत चालणार आणि पायाजवळ काहीच दिसणार नाही. आपल्याकडच्या रानात घोणस, फुरसं, नाग, मण्यार सगळे आहेत, आणि ते शंभर मीटरवर असले तर काही फरक पडत नाही, फरक पडतो पुढच्या पावलावर असले तर.

म्हणून आप्पांना एवढं एकच पटवा की चालताना भिंग मागं, रुंद उजेड, आणि उभं राहून लांब बघायचं तेव्हाच पुढं. भिंगाऐवजी वाटीसारखा चकचकीत रिफ्लेक्टर असलेल्या साध्या टॉर्चमध्ये ही कटकट नसते, मधे झोत आणि बाजूला फिका उजेड दोन्ही एकदमच मिळतात. चालण्यासाठी मला स्वतःला तोच बरा वाटतो. पण झूमचं रुंद केलेलं तोंड स्टार्टरच्या पेटीत वायर बघायला, फ्यूज टाकायला लई भारी, मधे डोळ्यात घुसणारा ठिपका नसतो. आणि कमी पैशात लांब झोत पाहिजे असेल तर झूमसारखं दुसरं काही नाही हेही खरं. तेव्हा आप्पा चूक आहेत असं मी म्हणणार नाही, बाप-लेकीत भांडण लावायचा माझा विचार नाही.

झूमचा अजून एक कच्चा भाग म्हणजे ती सरकणारी मान. तिथं एक रबरी रिंग असते, तिच्यावरच सगळी भिस्त. प्रत्येक वेळी पुढं-मागं केलं की पंपासारखी हवा आत-बाहेर होते आणि हवेबरोबर धूळ, चिखलाचं पाणी. खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी झूमची बॅटरी पाण्यात पडली की बाहेर काढून, सेल वेगळा करून वाळवायचीच. रिंगला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यायचा, खोबरेल तेल नको, त्याला आपली सोलापुरी धूळ चिकटून लगदा होतो.

आता तुमची जुनी बॅटरी. ती फेकलीत का? फेकली नसेल तर हे सगळं वाचून नवीन ऑर्डर मारायच्या आधी तिचं मागचं झाकण फिरवून बघा उघडतंय का. आठ महिन्यांत मंद झाली म्हणजे टॉर्च गेली असं आपण म्हणतो, पण एलईडी एवढ्यात सहसा जात नाही, जातो तो सेल. आत १८६५० निघाला आणि तो सुटा असेल तर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरवर बघा. ४.१-४.२ व्होल्ट दाखवून टॉर्च लावल्यावर दहा मिनिटांत धाडकन खाली येत असेल तर सेल संपलेला आहे. आणि अडीच व्होल्टच्या खाली जाऊन पडून राहिलेला असेल तर त्याला जिवंत करायच्या भानगडीत पडू नका, असले सेल चार्जिंगला लावताना धोका देतात. नवीन खरा सेल एकटा तीनशे-चारशेच्या आसपास जातो. टाकून बघा, तुमचं काम तेवढ्यात होऊन जाईल अशी बरीच शक्यता आहे. आणि आता ह्याच दरावरून ६९९ वाल्याकडं परत बघा, दोन खरे सेल घातले तर तिथंच त्याचे पैसे संपतात, मग टॉर्च, चार्जर, डबी कशातून देतोय तो?

झाकण उघडतच नसेल, सेल आत चिकटवलेला असेल, तर ती वस्तू सेल मेला की मेली. म्हणून माझी पहिली अट हीच की सेल हातानं काढता-घालता आला पाहिजे. लुमेन, झूम, स्ट्रोब (भराभर लुकलुकणारा उजेड), बाजूचा लाल दिवा हे सगळं त्याच्यानंतर.

आठवडी बाजारात अजून एक प्रकार मिळतो, मागून दोन पिना बाहेर येतात आणि डायरेक्ट बोर्डात खोचायची. त्यातल्या जुन्या पद्धतीच्यांत शिसं-आम्लाची बॅटरी असते, ती उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की आतून बसतेच, परत चार्ज धरत नाही. शिवाय स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत मेन लाईनचा करंट आणि आतले भाग ह्यांच्यात ट्रान्सफॉर्मरसारखा आडोसा नसतो. चार्जिंगला लावलेली असताना चालू करून बघणं, ओल्या हातानं काढणं, असलं काही नको. वस्तीवर अर्थिंगची काय अवस्था असते ते तुम्हाला सांगायला नको. यूएसबीवाली घ्या, मोबाईलच्या चार्जरवर पाच व्होल्टवर चालते.

भावाचं म्हणणं घरातल्या जिन्यापुरतं बरोबर आहे. मोबाईलचा दिवा पसरतो, लांब जात नाही, आणि रात्री बाराला रानात मोबाईलची बॅटरी उजेडासाठी नाही तर फोन लावण्यासाठी शिल्लक पाहिजे. काही चावलंच तर १०८ ला फोन आणि सरळ दवाखाना, त्या वेळी दोन टक्के बॅटरी असून चालत नाही. शिवाय वाकून विहिरीत बघताना मोबाईल आत गेला की हिशोबच बदलला.

"साधी सेलवाली" हाही पर्याय वाईट नाही, पण कुणासाठी ते बघा. बऱ्याच झूमच्या टॉर्चबरोबर तीन बारक्या एएए सेलांची प्लास्टिकची चौकट येते. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राईड एएए सेल १.२ व्होल्टचे, ७५०-८०० एमएएचचे, तीन मिळून एका १८६५० च्या पाव भागाएवढीच वीज होते. रोज तासभर रानात हिंडणाऱ्याला पुरणार नाही. फ्लॅटमध्ये लाईट गेल्यावर मीटर बघायला पुरते. आषाढीला पायी चालणाऱ्यांना तर मी एका एए सेलवर चालणारी छोटी टॉर्चच सुचवीन, वाटेत कुठल्याही किराणा दुकानात सेल मिळतो, चार्जिंगला जागा शोधत बसायला नको. फक्त एक लक्षात ठेवा, ज्या टॉर्चला चार्जिंगची यूएसबी पिन पण आहे आणि एएएची चौकट पण आहे, तिच्यात साधे सेल असताना चुकूनही चार्जर लावायचा नाही. साधे सेल चार्ज करायचे नसतात, गळतात, फुटतात. आप्पा-आईला हे नीट सांगून होणार नसेल तर ती चौकट घरी आणून ठेवा, वस्तीवर नकोच.

तुमच्या बजेटात मी असं करीन. जुन्या बॉडीत नवा सेल चालला तर उरलेल्या पैशातून आप्पांना डोक्याला बांधायची एक चार्जिंगची बॅटरी घ्या. हे तुम्ही विचारलेलं नाही, पण स्टार्टरची पेटी उघडायची, व्हॉल्व फिरवायचा, एका हातात काठी, मग टॉर्च काखेत धरायची का दातात? डोक्याचा उजेड मान वळवाल तिकडं पडतो, पाय दिसतात, हात मोकळे. फोकसची बॅटरी खिशात, लांब बघायचं तेव्हा काढायची. आप्पा सुरुवातीला म्हणतील, मी काय खाणीत कामाला जातोय का. ठेवा वस्तीवर, एक दिवस पाऊस लागला की आपोआप बांधतील.

आणि जुनी गेलीच असेल तर एका १८६५० वर चालणारी, सेल निघणारी झूमची बरी बॉडी पाचशेच्या आसपास, आणि २५०० ते ३००० एमएएचचे दोन खरे सेल सहा-सातशेला, दर थोडे इकडं तिकडं होतील. एक सेल आत, एक चार्ज होऊन तयार. ऑनलाईनपेक्षा सोलापुरातल्या नव्या पेठेत जाऊन हातात घेऊन घ्या, ह्या वस्तूचं फोटोवरून काही कळत नाही. दुकानात सांगा की चालू करून मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंतीवर दाखवा, रुंद केल्यावर गोल एकसारखा पाहिजे, मधे काळं वर्तुळ नको. पुढं ओढल्यावर चौकोनाच्या कडा स्पष्ट पाहिजेत. मान थोडी घट्ट सरकली पाहिजे, उलटी धरल्यावर आपोआप घसरत असेल तर खिशात रोज उघडझाप होणार. हलवून बघा, खडखड नको. पाच-दहा मिनिटं फुल्लवर ठेवा, अंग कोमट झालं पाहिजे. लोक म्हणतात गरम होते म्हणून वाईट, उलट आहे, अंग गरम होतंय म्हणजे एलईडीची उष्णता बाहेर निघतेय. उजेड भरपूर आणि अंग गार असेल तर ती उष्णता आतच कोंडतेय आणि एलईडी लवकर जाणार. मोडही बघा, काहींत प्रत्येक वेळी बटण दाबलं की फुल्ल, मंद, लुकलुक, एसओएस (मदत मागायची खूण) अशी सगळी वरात फिरवून यावी लागते, आप्पा वैतागतील. मंद आणि फुल्ल दोनच असलेली सापडली तर सोनं.

सेल घेताना टॉर्च बरोबर न्या. काही सेलांचं टोक सपाट असतं, काहींना बटण असतं, सपाटवाला काही टॉर्चमध्ये टेकतच नाही. आत प्रोटेक्शनचं सर्किट असलेला सेल दोन-चार मिलिमीटर लांब असतो, कधी झाकण लागत नाही, पण लागत असेल तर तोच घ्या, जास्त उतरण्यापासून आणि जास्त भरण्यापासून तो स्वतःला तोडतो. भारतात विकायच्या लिथियम सेलांना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, आयएस १६०४६ आणि आर-ने सुरू होणारा नंबर सेलावर किंवा खोक्यावर शोधा. जुन्या लॅपटॉपमधून काढून नवं प्लास्टिक चढवलेले सेलही फिरतात, दर फारच खाली असला की समजून जा. बिल घ्याच.

यूएसबी-सी पिनवाली घेतलीत आणि घरच्या नव्या मोबाईलच्या दोन्हीकडं सी असलेल्या केबलवर चार्जच होत नाही असं झालं तर लगेच परत करायला पळू नका. स्वस्तातल्या टॉर्चमध्ये त्यासाठी लागणारे दोन बारके रेझिस्टर घालत नाहीत, जुन्या चपट्या पिनेच्या केबलवर लावली की होते. गादीवर, उशीखाली चार्जिंग नको, फरशीवर ठेवा, शक्यतो कुणीतरी जागं असताना.

आणि आपला मे महिना. ४२-४३ डिग्रीत पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेला लिथियम सेल लवकर म्हातारा होतो, तुमच्या आठ महिन्यांच्या कोड्यात उन्हाळ्याचा वाटा असू शकतो, आप्पा बॅटरी कुठं टांगतात ते एकदा विचारा. घरात, माठाच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवा, पाणी लागणार नाही एवढं बघून. दोन-तीन महिने वापर नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून नको, निम्म्यावर ठेवायची. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकायचा नाही, दोन टोकं जुळली की तापून पेटू शकतो, त्यासाठी प्लास्टिकची डबी घ्या, दहा-वीस रुपयांची असते.

मेलेला सेल घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबला गेला की पेटू शकतो. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ज्या दुकानातून नवीन घेताय तिथंच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुढं पाठवायची जबाबदारी ती बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. दुकानदार "आम्ही घेत नाही" म्हणाला तर ई-कचरा घेणाऱ्याकडं जाईपर्यंत बाल्कनीत मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात वेगळा ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही असा.